बठ्ठासनी जागा

चारचौघांत सासूचं शिक्षण काढणारी सून भागाबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहायची वेळ आली ती स्वतःच्याच घरात. भांडायचं तर दार लावून भांडावं, भांडी आपटावीत, अबोला धरावा, माहेरी निघून जावं. सुनांना एवढ्या वाटा मोकळ्या असताना सारिकेनं केलं काय, तर खळ्याच्या मधोमध, निम्मं वडझिरे गाव गोळा झालेलं असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही. या दगडावर भलतंच लिहिलंय!"

तिथून सगळं बिघडलं.

दगड म्हणजे कोनशिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात भूमिपूजन व्हायचं होतं, आणि त्यासाठी ती गुळगुळीत काळी शिला धुळ्याहून टेम्पोतून आली होती. आणली होती प्रेमराजनं. प्रेमराज हा भागाबाईंचा पुतण्या. धुळ्याला देवपुरात त्याचा बंगला, सगळ्या कचेऱ्यांत ओळखी. वडझिऱ्यातल्या कुणाचंही काम अडलं की लोक प्रेमराजला फोन लावत, आणि काम होईही. त्यानं शिलेवरचा कागद काढला, रुमालानं धूळ पुसली आणि म्हणाला, "काकू, वाचा. तुमचं नाव सगळ्यात वर घेतलंय."

भागाबाई दुसरीतच शाळेतून उठल्या होत्या. त्यांना स्वतःचं नाव वाचता येई, एसटीच्या पाटीवरचं 'धुळे' ओळखता येई, आणि बाकीचं त्या चेहऱ्यावर न दाखवता निभावून नेत. त्यांनी वाकून शिलेवर बोट फिरवलं. 'भा' सापडला, 'झुलाल'मधला 'झ' सापडला. नवऱ्याचं आणि आपलं नाव एका दगडावर पाहून त्यांनी दोन्हींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "झकास शे," त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात सारिका पुढे झाली, तिनं खालच्या ओळी वाचल्या, आणि ते वाक्य बोलली.

खळ्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

वडझिरे पांझरेच्या काठचं. गाव म्हणावं तर बाजार भरतो, शहर म्हणावं तर म्हशी रस्त्यात बसतात. वरची गल्ली शेतकऱ्यांची, भागाबाईंच्या भाऊबंदांची. खालची गल्ली नदीकडची. तिथं पिंजारी, रंगारी, मोलमजुरी करणारी घरं. दोन्ही गल्ल्यांच्या मध्ये भागाबाईंचं खळं. हार्वेस्टर आले तेव्हापासून तिथं मळणी होत नव्हती, नुसती रिकामी जागा पडली होती.

भागाबाईंचे मालक झुलालआबा गेले तेव्हा त्यांच्या गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, सगळा तालुका लोटला. ऊन असं की पत्र्यावर हात ठेवता येईना. वरच्या गल्लीत बसायला हातभर सावली नाही. तेव्हा खालच्या गल्लीतल्या रहीम पिंजाऱ्यानं न विचारता आपलं अंगण मोकळं केलं, कापूस पिंजायचं यंत्र भिंतीला सरकवलं, विकायच्या नव्याकोऱ्या गाद्या अंगणात अंथरल्या. त्याची बायको जरीना दुपारभर पाण्याच्या कळशा भरत राहिली. भाऊबंदांतले काही जण आधी उन्हातच उभे राहिले, मग मुकाट गादीवर जाऊन टेकले. भागाबाईंनी घुंगटाआडून सगळं पाहिलं. कोण आधी बसलं, कोण उशिरा बसलं, सगळं.

वर्ष उलटल्यावर त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या. अख्ख्या आयुष्यात ग्रामसभेत त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि आपलं खळं गावाला देऊ करत बोलल्या एवढंच: "मनं खळं ल्या. गावाले बसाउठाले, लगीनकार्याले, सुखदुःखाले जागा बांधा. पन ती बठ्ठासनी जागा व्हई."

बठ्ठासनी. सगळ्यांची. खानदेशात हा शब्द लहान पोरालाही समजतो. त्या सभेत तो सगळ्यांना समजला. जरीना मागच्या ओळीत बसली होती, तिला तर फारच समजला.

आणि आता त्या दगडावर सारिका वाचत होती: "श्रीमती भागाबाई झुलाल यांच्याकडून सकल..." पुढे वरच्या गल्लीच्या जातीचं नाव, पुढे "समाजास सप्रेम अर्पण. केवळ समाजबांधवांच्या उपयोगासाठी."

सारवायला आलेल्या बायकांचे शेणाने भरलेले हात जिथल्या तिथे थांबले. त्यांत जरीनाही होती.

त्या क्षणी भागाबाईंनी नुसतं "काय म्हणे? पुन्हा वाच" एवढं म्हटलं असतं, तर प्रेमराजला पळता भुई थोडी झाली असती. पण त्यांच्या कानात दगडावरचं काहीच शिरलं नव्हतं. कानात एकच घोंघावत होतं: वाचता येत नाही, वाचता येत नाही. वरची गल्ली बघत होती, खालची गल्ली बघत होती, टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा बघत होता. भागाबाईंनी मान ताठ केली.

"मले माहीत शे काय लिखेल शे," त्या म्हणाल्या. "मीच सांगेल शे तसं."

बोलून झाल्यावर त्यांना आपलं बोलणं ऐकू आलं. तोवर जरीना उठली होती. बादलीत हात बुडवले, धुतले, पदराला पुसले. तिनं भागाबाईंकडे पाहिलं नाही. ती निघाली तशा तिच्यामागून खालच्या गल्लीच्या बायका एकेक करून निघाल्या. अर्धं खळं सारवलेलं, अर्धं तसंच.

प्रेमराज मात्र खुशीत होता. दुपारी ओट्यावर बसून चहा पिताना त्यानं सगळं उलगडून सांगितलं. त्याच्या मनात कपटही नव्हतं, हेच भागाबाईंना जास्त लागलं.

"काकू, तुम्ही म्हणालात बठ्ठा. आता धुळ्याच्या कचेरीत बठ्ठा कुणाला कळतं? मी त्याचं शुद्ध मराठी केलं. सकल. आणि नुसतं सकल कसं लिहिणार? सकलच्या पुढे समाज येतोच. मोर्चात, पत्रिकेत, फ्लेक्सवर, सगळीकडे येतो. आणि समाज म्हटलं की कुठला ते लिहावंच लागतं. मी माझ्या मनाचं काही घातलं नाही."

"आन् ते बांधवांसाठी?"

"तो तर नेहमीचा मजकूर असतो हो. आणि आता काय, तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांसमोर, मीच सांगितलंय म्हणून. मी तर निश्चिंत झालो. उद्या धुळ्याहून मोठे पाहुणे येणार आहेत, साडी चांगली नेसा."

भागाबाईंनी बशी खाली ठेवली. पुतण्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की मी खोटं बोलले, आणि खोटं का बोलले तर मला वाचता येत नाही. नऊवारीचा काष्टा घालून चाळीस एकर सांभाळणारी, बाजार समितीच्या अडत्याला हिशेबात रडवणारी बाई, आणि हे एक वाक्य तिच्या तोंडून निघेना.

ऊन कलल्यावर त्या खालच्या गल्लीत गेल्या.

जरीनाच्या घरी त्या कधी पाहुण्यासारख्या गेल्या नव्हत्या. उंबऱ्यातूनच "काय रांधी ऱ्हायनी?" असं ओरडत शिरायचं, चुलीजवळ बसायचं, स्टीलच्या ग्लासात चहा प्यायचा. आज उंबऱ्यात जरीना उभी होती.

"या, बसा भागाबाई," जरीना म्हणाली.

आजवर जरीनानं त्यांना 'भागा' सोडून काही म्हटलं नव्हतं. भागाबाई खुर्चीत टेकल्या. चहा आला तो फुलाफुलाच्या कपबशीतून. शेजारी बिस्किटं. ही कपबशी भागाबाईंना माहीत होती. आयतच्या, म्हणजे जरीनाच्या लेकीच्या, सासरची माणसं आली की ती कपाटातून निघायची.

"जरीना, मी काय म्हनस..." भागाबाईंनी सुरुवात केली.

"साखर बरोबर शे ना?"

"बरोबर शे."

रहीम आतल्या खोलीतून बाहेर आला. भला माणूस, कधी आवाज न चढवणारा. "काही वाटून घेऊ नका अक्का," तो म्हणाला. "जागा तुमनी, दगड तुमना. आम्ही काही दावा करेल नव्हता. पोरीचं लगीन आम्ही धुळ्याला हॉल घेऊन करसूत."

आयतचं लग्न नव्या जागेत पहिलं लागायचं, हे भागाबाईंनीच ठरवलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. त्यांनीच आपण होऊन, ह्याच घरात, चुलीजवळ बसून सांगितलं होतं.

"मनी सून मध्येच बोलनी, म्हनून..." भागाबाई म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच राहिलं.

जरीना वाट पाहत होती. भागाबाईंनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि उठल्या. दारापर्यंत कुणी सोडायला आलं नाही असं नाही, दोघंही आले, आणि तेच वाईट होतं.

घरी सारिका भाकरी थापत होती. सारिका दीपनगरची. तिचे वडील वीज केंद्रात कामाला, तिचं सगळं बालपण कॉलनीत गेलेलं. तिथला हॉल सगळ्यांचा. कुणाचं बारसं, कुणाची कव्वाली, कुणाचं निरोपाचं जेवण, जो पुढे येईल त्यानं किल्ली घ्यावी. त्या मुलीला समाज म्हणजे नक्की किती माणसं हे लग्न होऊन इथं आल्यावर कळलं.

"गेला होतात?" तिनं विचारलं.

"तू आधी सांग. तू काबरं बोलनीस?"

"खोटं होतं म्हणून बोलले."

"खोटं दगडावर व्हतं. तू मनाबद्दल काबरं बोलनीस?"

सारिकेनं भाकरी तव्यावर टाकली. "आई, मी चुकले असेन. पण तुम्ही का म्हणालात, मीच सांगितलंय? ते वाक्य तर मी नाही तुमच्या तोंडात घातलं."

भागाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. अख्खी गल्ली त्या जिभेला भिऊन होती. आज त्या नुसत्या उठल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या. त्या जेवल्या नाहीत. पोरगा भूषण दुकानातून आला, दोघींची तोंडं पाहिली, आणि आपलं ताट घेऊन अंगणात जाऊन बसला.

सकाळी खळ्यात मांडव उभा राहिला. खुर्च्या, सनई, भटजी, हार. पाहुणे गाडीतून उतरले. वरची गल्ली झाडून सगळी आली होती. खालच्या गल्लीतून कुणी नाही. सारवणाची रेघ तशीच दिसत होती, इथपर्यंत केलेलं, तिथून पुढे राहिलेलं. भागाबाई नव्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्या रेघेकडे बघत होत्या. सारिका मघाशी मागे उभी होती, ती आता दिसत नव्हती. रुसून घरी गेली असेल, त्यांना वाटलं.

भटजींनी पूजा सांगितली. प्रेमराजनं माइकवरून काकूंचं कौतुक केलं, झुलालआबांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. मग हळदकुंकू लावलेली कुदळ त्यानं भागाबाईंच्या हातात दिली. "चला काकू. मुहूर्त आहे."

भागाबाई कुदळ घेऊन कोनशिलेपाशी गेल्या आणि थांबल्या.

"प्रेमराज, हे वाच."

"आता? नंतर वाचू ना काकू, मुहूर्त..."

"वाच. आन् सावकाश वाच." त्यांनी एक श्वास घेतला. माइक दूर होता, पण भागाबाईंच्या आवाजाला माइक कधी लागला नव्हता. "मले वाचता येत नही."

सनईवाला वाजवायचा थांबला. वरच्या गल्लीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहुणे हसावं की गंभीर व्हावं ते न कळून पाणी प्यायले.

"काल मनी सून खरं बोलनी व्हती. मी म्हटलं, मीच सांगेल शे. ते मी खोटं सांगं. मले नावाबिगर काहीच वाचता येत नही. वाच आते."

प्रेमराजनं वाचलं, घाईघाईत.

"सकल म्हंजे काय?"

"बठ्ठा, काकू. सांगितलं ना काल."

"आन् पुढलं?"

"ते... आपला समाज."

"मंग बठ्ठा शे का आपला शे? दोन्ही कसं व्हई? एक कोनतं तरी खोड."

"काकू, अहो, दगड आहे तो. कोरलेलं कसं खोडणार? पाहुणे बसलेत. समाजातल्या लोकांनी बांधकामाला पैशांची भर घातली आहे..."

पहिल्या रांगेतून लीलाधरआबा उठले. भाऊबंदांत वडीलधारे, झुलालआबांचे चुलतभाऊ. "वहिनी," ते समजुतीनं म्हणाले, "आपल्या पोरींची लग्नं तुमच्या खळ्यात लागतील, आबांचं नाव निघेल. यात वाईट काय आहे?"

"काही वाईट नही. लागू द्या. आन् खालच्या गल्लीच्या पोरी?"

"ते करतील त्यांचं त्यांचं."

"लीलाधरभाऊ, आबांच्या गंधमुक्तीले तुम्ही कोठे बसेल व्हतात?"

लीलाधरआबा उपरण्यानं मान पुसू लागले.

"मी सांगस. आधी उन्हात उभा व्हतात. मंग चक्कर येवाले लागनी तवय रहीमनी गादीवर जाऊन बसनात. नवी गादी व्हती. जरीनानं पानी दिधं, तुम्ही प्यालात. त्या दिवशी कोनी म्हटलं का, करतील त्यांचं त्यांचं?"

"ती गोष्ट वेगळी," कुणीतरी मागून म्हणालं.

"वेगळी शे तं उठा आन् घरी जा. मना नवऱ्याना नावावर वेगळी गोष्ट चालाव नही." त्यांनी कुदळ जमिनीवर टेकवली आणि तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "जागा अजून मनी शे. दानपत्रावर मनी सही व्हयेल नही. हा दगड असा लागनार व्हई, तं मी कुदळ मारत नही."

भटजी घड्याळाकडे बघू लागले. पाहुण्यांनी प्रेमराजला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. मग ते उठले, हात जोडले, दुसरा कार्यक्रम आहे म्हणाले आणि गाडीत बसले. त्यांच्यामागून खुर्च्या सरकल्या. लीलाधरआबा उठले, त्यांच्यासोबत त्यांची मुलं, सुना. बघता बघता अर्धा मांडव रिकामा झाला. प्रेमराज चेहरा पाडून उभा होता.

"काकू, तुम्ही माझं हसं केलंत."

"तुनं नही रे. मनं. तू तं शुद्ध मराठी करी राहिला व्हता." त्यांचा आवाज जरा खाली आला. "दगड पालथा कर."

"पालथा? मागची बाजू कोरी आहे. कोऱ्या दगडाला कोण विचारणार?"

"मी विचारीन. मले दोन्ही बाजू सारख्याच."

उरलेल्यांत कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले, प्रेमराजसुद्धा, मनाविरुद्ध. त्यानं आणि भूषणनं मिळून दगड पालथा केला.

भागाबाईंनी मान वर केली तर सारवणाच्या रेघेपलीकडे माणसं उभी होती. रहीम, त्याचे भाऊ, खालच्या गल्लीच्या बायका. पुढे जरीना. आणि जरीनाच्या बाजूला, धापा टाकत, सारिका. म्हणजे ही घरी गेली नव्हती. पुन्हा एकदा कुणाला न विचारता आपल्या मनानं खालच्या गल्लीत जाऊन आली होती.

"ऐकं का?" भागाबाईंनी जरीनाला विचारलं.

"ऐकं. तुना आवाज नदीपल्याड जास." जरीना जागची हलली नाही. "काल काबरं नही बोलनीस? मना घरमा बसेल व्हतीस, चहा पी राहिली व्हतीस. तवय काबरं नही?"

"सून चारचौघांत..."

"सूनवर ढकलू नको, भागा."

'भागा' ऐकून भागाबाईंना जो धीर आला होता, तो त्यांनी गिळून टाकला. "नही ढकलत," त्या म्हणाल्या. "मनीच जीभ वळनी नही."

जरीना रेघ ओलांडून आत आली. "मी तुनाकरता नही येल. जागाकरता येल शे. तुना राग मना डोक्यातून अजून जायेल नही."

"राहू दे राग. आधी घमेलं धर."

भागाबाईंनी कुदळ उचलली आणि मारली. मुहूर्त टळून गेला होता. भटजी दक्षिणा घेऊन गेले होते. उन्हानं घट्ट झालेली खळ्याची माती पहिल्या घावाला नुसती खरवडली, दुसऱ्याला फुटली. जरीनानं ढेकूळ उचलून घमेल्यात टाकलं. वरच्या गल्लीतल्या ज्या थोड्या बायका उरल्या होत्या, त्या उठल्या आणि राहिलेलं सारवण पुरं करायला बसल्या. बांधकाम आता कसं उभं राहणार, कोण भर घालणार, कोण अडवणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रेमराज फोन कानाला लावून कुंपणापाशी फेऱ्या मारत होता.

सारिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. भागाबाईंनी हात पुसले, घोटभर पाणी प्यायल्या आणि तांब्या परत न देता सुनेकडे पाहत राहिल्या. आजूबाजूच्या बायका कान टवकारून बसल्या. सारिकेनं मान खाली घातली नाही.

"काल तू चुकनीस," भागाबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "खरं बोलनीस, तरी चुकनीस. मनं न्यून तू गावाले आधी सांगं, आन् मले मंग. पुढल्या खेपेले आधी मना कानमा सांगजो. कानमा सांगीसन मी नही ऐकं, तं मंग चारचौघांत बोल. आन् असं बोल, की मले तोंड लपवाले जागा राहू नये."